पूर्ण तयारी वाटत नसताना घरगुती उद्योग सुरू करावा का? (नागलीचे पापड, नाशिक)

गच्चीवरची | ९ नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, ते आज लिहून टाकते.

मी नाशिकची, मखमलाबाद रोडला राहते. वय ४३. अंबडच्या एका कारखान्यात चौदा वर्षं स्टोअर सांभाळलं, मार्चमध्ये ते काम सुटलं. मिस्टरांची नोकरी चालू आहे, मुलगी बारावीला. सासूबाई पेठ तालुक्यातल्या. त्यांच्या हातचे नागलीचे (नाचणीचे) पापड आमच्या सगळ्या नात्यात जातात. दर उन्हाळ्यात पंधरा-वीस किलो करतो आणि गणपतीपर्यंत डबे रिकामे होतात. विकायला काढा, असं जो तो म्हणतो.

आठ महिने मी नुसती तयारीच करतेय. वहीची चाळीस पानं भरली. पापड मशिनची तीन कोटेशनं आणली, पंचवटीत दोन गाळे पाहून आले, नाव अजून ठरत नाही. एक गोष्ट झाली की दुसरी निघते. आधी वाटायचं लेबल झालं की सुरू करू, मग वाटलं मशिनशिवाय काही खरं नाही. रात्री झोपताना मनात येतं की कुणाच्या पापडात काही निघालं तर काय, नातेवाइकांत तोंड कसं दाखवू.

तुमच्यापैकी ज्यांनी स्वतःचं काही सुरू केलं, त्यांना "आता आपली तयारी झाली" असं कधी वाटलं? आणि कशावरून?

---

अंबडचा लेथवाला | ९ नोव्हेंबर २०२४

ताई, मला तसं कधीच वाटलं नाही. आज बारा वर्षं झाली, तीन मशिनं आहेत, तरी नवं ड्रॉइंग हातात आलं की पोटात गोळा येतो.

मी सातपूरला एका कंपनीत टर्नर होतो. स्वतःचा लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशिन, घ्यायचा हे २००९ ला ठरवलं आणि २०१२ ला घेतला. मधली तीन वर्षं "थोडं शिकून घेऊ" म्हणण्यात गेली. त्या तीन वर्षांत जे शिकलो, त्यापेक्षा जास्त मी पहिल्या ऑर्डरच्या पंधरा दिवसांत शिकलो. कसं ते सांगतो.

पहिली ऑर्डर २०० बुशची, म्हणजे लोखंडी नळकांड्यांची. बोअर, म्हणजे आतलं भोक, ४० मिलिमीटर. एकेक नग मशिनवरून काढला, लगेच मोजला, मापात. सगळे मापात! माल दिला आणि चौथ्या दिवशी ३८ नग परत आले, बोअर लहान म्हणून. मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. तिथल्या इन्स्पेक्शनच्या काकांनी एक नग माझ्या हातात देऊन विचारलं, "मोजला तेव्हा हाताला गार होता का गरम?" गरम होता. कटिंगने तापलेलं लोखंड फुगलेलं असतं, थंड झालं की आकसतं, आणि तेवढ्यात वीस मायक्रॉन कमी होतात. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण नोकरीत नग पुढे गेला की माझा संबंध संपायचा, परत माझ्याच दारात कधी आला नव्हता. दोन रात्री जागून ते ३८ नग दुरुस्त करून दिले. तेव्हापासून आजतागायत आमच्याकडे नग गार झाल्याशिवाय गेज लागत नाही.

ही अक्कल वहीत लिहून येत नाही ताई. ती गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या मालातून येते. तुम्ही दोन किलोपासून सुरू करा, म्हणजे परत आला तरी दोनच किलो येईल.

---

पेठरोड | १० नोव्हेंबर २०२४

वाचतेय. मलाही मसाल्यांचं सुरू करायचंय, गाडी तुमच्याच वळणावर अडली आहे.

---

गंगाघाट | १० नोव्हेंबर २०२४

मी दुसरी बाजू मांडतो. "उडी मार, बाकी आपोआप होतं" हे ऐकून मी उडी मारली होती आणि चांगलाच आपटलो.

२०१८ साली कॉलेज रोडला गाळा घेतला. डिपॉझिट दोन लाख, भाडं २८ हजार, करार अकरा महिन्यांचा. आत फर्निचर, बोर्ड, डीप फ्रीझर मिळून आणखी साडेतीन लाख. थालीपीठ, आंबोळ्या, घावन असं घरगुती नाश्त्याचं दुकान. पदार्थ चांगले होते, आजही लोक आठवण काढतात. पण सकाळी मिसळ खायला गावभर जाणारे आपले नाशिककर थालीपिठासाठी त्या रस्त्यावर किती येतील, हे मी एकदाही तपासलं नव्हतं. सातव्या महिन्यात कुलूप लावलं. बायकोच्या दोन पाटल्या मोडल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, मी सुरुवात लवकर केली हे चुकलं नाही. जो खर्च परत फिरवता येत नाही तो लवकर केला, हे चुकलं. रविवारी कुठल्यातरी जॉगिंग ट्रॅकबाहेर टेबल मांडून चार आठवडे थालीपीठ विकलं असतं, तर दोन-तीन हजारांत सगळं कळलं असतं.

तेव्हा ताई, गाळा आणि मशिन या दोन पानांवर काट मारा. वहीत बाकी जे असेल ते उद्या सुरू करा.

---

हिशोबनीस | १० नोव्हेंबर २०२४

गंगाघाट यांना पूर्ण अनुमोदन. फक्त खाण्याच्या वस्तूत थोडी तयारी आधीच लागते, तिथे "बघू पुढे" चालत नाही.

एफएसएसएआयची, म्हणजे खाद्यपदार्थांसाठीची सरकारी नोंदणी पहिली विक्री होण्याआधी करा. वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरते, फी वर्षाला १०० रुपये. ऑनलाइन अर्ज, फोटो आणि ओळखपत्र. एजंट याचेच दोन-अडीच हजार घेतात, देऊ नका. चौदा अंकी नंबर मिळेल, तो पाकिटावर हवा. शिवाय पदार्थाचं नाव, घटक (जास्त वजनाचा आधी), निव्वळ वजन, एमआरपी, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा, बॅच नंबर, तुमचा पत्ता, संपर्काचा नंबर आणि शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका. वजनकाटा शिक्का मारलेला असावा.

लघुउद्योगाची सरकारी उद्यम नोंदणीही करून टाका, ती पूर्ण मोफत आहे, आधारवर होते. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही असं समजा. पापडावर जीएसटी नाही. कधी दुकान काढलंत, तर मोजकीच माणसं असतील तिथे फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, जुन्या गुमास्ता परवान्याचा खटाटोप आता नाही.

हे सगळं आठवड्याभराचं काम आहे. आठ महिन्यांचं नाही.

---

गच्चीवरची | ११ नोव्हेंबर २०२४

सगळ्यांचे मनापासून आभार. लेथवाले दादा, तुमचा गरम बुश मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, पापडाचंही असंच असतं, उन्हातून उचलला की कडक वाटतो आणि डब्यात गेल्यावर मऊ पडतो. आज एफएसएसएआयचा अर्ज भरला.

---

गच्चीवरची | १ डिसेंबर २०२४

नोंदणी आली. पाच किलोचा पहिला घाणा झाला.

एक गोष्ट सांगायची आहे, कुणाला किरकोळ वाटेल. शेजारच्या काकूंना दोन पाकिटं हवी होती. त्यांनी १२० रुपये पुढे केले आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो राहू द्या हो काकू." चार वेळा म्हणाले. शेवटी त्यांनी नोटा चहाच्या कपाखाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "फुकट नेलं तर मला परत मागायला जड जाईल गं." त्या गेल्यावर मी बराच वेळ त्या कपाकडे बघत बसले. चौदा वर्षं पगार खात्यात जमा व्हायचा, तेव्हा कधी असं झालं नव्हतं. ओळखीच्या माणसाकडून हातात पैसे घ्यायची माझी तयारीच नव्हती, आणि वहीच्या चाळीस पानांत हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पाव किलोचं पाकीट ६० ला ठेवलंय. अठरा पाकिटं झाली, सगळी गेली.

---

हिशोबनीस | १ डिसेंबर २०२४

अभिनंदन! आता एक काम करा, पाच किलोचा सगळा खर्च इथे टाका. मजुरीसकट.

---

गच्चीवरची | २ डिसेंबर २०२४

नागली २५०, दळण ४०, तीळ-जिरे-हिंग-पापडखार-मीठ मिळून १८०, गॅस ९०, पाकिटं आणि लेबलं १०८. लाटायला एक मावशी येतात, किलोला ५० प्रमाणे २५०. एकूण ९१८. सुकल्यावर पिठाइतकंच वजन भरतं, पण तुटके-फुटके बाजूला काढून साडेचार किलो विकायजोगे निघाले. माझे सात तास गेले.

---

हिशोबनीस | २ डिसेंबर २०२४

९१८ भागिले १८ म्हणजे एका पाकिटाला ५१ रुपये. तुम्हाला मिळाले १०८०, हातात राहिले १६२. सात तासांचे. म्हणजे तासाला २३ रुपये.

ताई, याच भावात उद्या दुकानदाराकडे गेलात तर तो निदान २० टक्के कापेल. ६० चे तुम्हाला मिळतील ४८. प्रत्येक पाकिटाला तीन रुपये पदरचे घालून तुम्ही त्याचं दुकान चालवाल. आणि जितका खप वाढेल तितका तोटा वाढेल. घरगुती उद्योग बंद पडतात ते बऱ्याचदा इथे. गिऱ्हाईक असतं, कौतुक असतं, फक्त बाईचे तास कुणी मोजलेले नसतात.

९५ करा. दुकानाचे २० टक्के जाऊन ७६ उरतील, खर्च वजा जाता २५. अठरा पाकिटांचे ४५०, तासाला ६४ रुपये. हाही काही फार नाही, पण तुमच्या मेहनतीची नोंद तरी होईल.

---

पेठरोड | २ डिसेंबर २०२४

हे वाचून माझा काळा मसाला मी आज मोजला. भाजणीचा वेळ मी धरलाच नव्हता.

---

दिंडोरीवाला | ४ डिसेंबर २०२४

माझं मत थोडं वेगळं आहे. हाताने लाटून किती करणार? सरकारच्या मुद्रा योजनेत शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत विनातारण मिळतं. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी सरकारच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, कृषी विभागाकडे चौकशी करा. शिवाय २०२७ ला सिंहस्थ येतोय. लाखो माणूस गावात उतरेल, तोपर्यंत मशिन लावून माल तयार ठेवायला हवा.

---

गंगाघाट | ४ डिसेंबर २०२४

योजना चांगल्या आहेत, मी कुणाला अडवणार नाही. पण अनुदान कर्जाला जोडून येतं. बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला सुरू होतो, तुमचं गिऱ्हाईक ठरलेलं असो वा नसो. सहा महिने दर आठवड्याला माल कमी पडतोय, लोक थांबायला तयार आहेत, असं दिसलं की मग मशिन. आणि ती सहा महिन्यांची विक्रीची वही बँकेत दाखवायलाही उपयोगी पडते.

सिंहस्थाचं म्हणाल तर माझा जन्म पंचवटीतला. पर्वणी बारा वर्षांनी येते, दुकानाचं भाडं दर महिन्याला येतं. त्या गर्दीत चार पैसे जास्त मिळाले तर आनंदच आहे, पण घर चालणार ते मखमलाबाद रोडच्या काकूंवर.

---

जुना नाशिककर | ५ डिसेंबर २०२४

धाग्यावरून दादासाहेब फाळके आठवले. आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१२ मध्ये विलायतेला जाऊन, कॅमेरा मागवून ते परत आले, पण चित्रपटासाठी पैसे लावायला कुणी तयार होईना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत त्याचं थोडं थोडं चित्रण केलं आणि ती छोटीशी फिल्म लोकांना दाखवली. रोप डोळ्यांदेखत वाढताना पाहिल्यावर पैसे उभे राहिले. पहिला मोठा चित्रपट त्यानंतर, १९१३ ला लोकांसमोर आला. तुमचा पाच किलोचा घाणा मला त्या वाटाण्यासारखा वाटला.

---

गच्चीवरची | १६ फेब्रुवारी २०२५

बरेच दिवसांनी लिहितेय. ९५ भाव केला. पहिली अठरा पाकिटं नेणाऱ्यांतल्या पाच जणींनी घेणं थांबवलं, त्यातली एक सख्खी मावससासू. आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. पण गंगापूर रोडच्या दोन दुकानांत माल ठेवला आणि महिन्याला चाळीस-पंचेचाळीस पाकिटं जायला लागली.

आणि मग ज्याची भीती होती तेच झालं. जानेवारीच्या शेवटी एका दुकानातून फोन आला, दोन पाकिटांत पापडावर बुरशी दिसतेय. माझे हातपाय गार पडले. मिस्टर म्हणाले, जाऊ दे, दोन पाकिटं बदलून दे. पण बॅच नंबर बघितला तर तो घाणा २१ जानेवारीचा. बॅच लिहिलेली होती म्हणून कळलं की त्या घाण्याची अजून तेरा पाकिटं बाहेर आहेत. संध्याकाळपर्यंत अकरा परत आणली, दोन घरांत फोन करून सांगितलं की खाऊ नका, नवी आणून देते. एकीने उलट विचारलं, "तुम्ही स्वतःहून सांगताय?" ती आता दर महिन्याला चार पाकिटं नेते.

कारण सासूबाईंनी शोधलं. त्या दिवसांत ऊन कोवळं होतं आणि मी गडबडीत पापड कडेला हात लावूनच बघितले. कडा आधी वाळते, मध्ये जाडी असते, तिथे ओल राहते. त्यांनी परत आलेल्या पाकिटातला एक घेऊन मधोमध दाबला, तो वाकला. मग जुन्या डब्यातला एक घेऊन तसाच दाबला, कट्कन आवाज होऊन दोन तुकडे झाले. म्हणाल्या, "हा आवाज आला की भरायचं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही." आता प्रत्येक परातीतले चार पापड मोडून बघते. आणि उन्हातून काढल्यावर रात्रभर सुती कपड्याखाली गार होऊ देते, मगच पाकीट. लेथवाले दादा, तुमचाच नियम.

ही चूक होऊ नये म्हणून मी आठ महिने थांबले होते. ती झालीच. पण पंधरा पाकिटांत निभावलं.

---

अंबडचा लेथवाला | १७ फेब्रुवारी २०२५

ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझे ३८ आणि तुमची १५.

एक गोष्ट राहून गेली होती. दुकानदार उधारी लांबवायला लागला तर तुमचं उद्यम प्रमाणपत्र कामाला येतं. लघुउद्योगाचे पैसे लेखी ठरलेलं असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी काही नसेल तर १५ दिवसांत. बिलावर उद्यम नंबर टाकत जा. मी पहिली पाच वर्षं हे केलं नाही आणि तीन-तीन महिने पैशासाठी चकरा मारल्या.

---

पेठरोड | ९ मार्च २०२५

मसाला सुरू केला! तीन किलो. बाकी काही तयार नव्हतं, नोंदणी आणि हिशोब मात्र होता. एवढं सांगायला आले.

---

गच्चीवरची | ८ जून २०२५

पेठरोड ताई, खूप आनंद झाला.

यंदाचा मे तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. वाळवणाचा महिना आणि रोज दुपारनंतर आभाळ. एका दिवशी तीन वाजता गच्चीवर बारा पराती आणि चार साड्या अंथरलेल्या, नऊ किलोंचा माल. मी खाली पाकिटं भरत होते. वाऱ्याने दार आपटलं म्हणून वर पळाले तर टपोरे थेंब सुरू झालेले. सासूबाई वयाच्या ७१ व्या वर्षी साडीची चार टोकं धरून पापड गोळा करत होत्या, मावशी पराती उचलत होत्या. सहा पराती वाचल्या. साड्यांवरचे सगळे गेले, उकडीसारखे एकमेकांना चिकटले. मावशींची मजुरी मी पूर्ण दिली, त्या घेत नव्हत्या. आता "राहू द्या" म्हणायची पाळी त्यांची होती.

तोट्याचा आकडा लिहिला आहे: ओला झालेला माल आणि मजुरी धरून ९०० च्या आसपास. गाळ्याचं भाडं किंवा मशिनचा हप्ता डोक्यावर असता तर या महिन्यात मी मोडून पडले असते. गंगाघाट दादा, तुमच्या पाटल्यांची गोष्ट मला त्या दिवशी आठवली. तुम्ही ती इथे सांगितलीत, त्याचे उपकार आहेत.

सात महिन्यांत पाकिटं २९६ गेली. महिन्याचा नफा अजून पगाराच्या जवळपासही नाही, हे स्पष्ट सांगते, कुणी आकडे वाचून नोकरी सोडू नये. पण मागणी तीन महिने पुरवठ्यापेक्षा जास्त आहे, म्हणून आता सौर वाळवणी यंत्राची चौकशी करतेय. छोटं, गच्चीवर मावेल असं. पीएमएफएमईसाठी कृषी विभागात जाऊन आले, वही सोबत नेली होती. तिथल्या बाई विक्रीची पानं उलटत राहिल्या आणि म्हणाल्या, बहुतेक जण आमच्याकडे नुसतं कोटेशन घेऊन येतात.

आता पावसाळ्याचे चार महिने पापड बंद. मावशी विचारत होत्या, मग मी कुठे जाऊ? म्हणून नागलीच्या सत्त्वाचं ठरवलंय, भिजवून, मोड आणून, सावलीत सुकवून, दळून. मोड आणलेलं धान्य दमट हवेत किती सुकतं, पीठ किती टिकतं, मला अजून कळत नाही. उद्या एक किलो भिजत घालतेय. कुणी पावसाळ्यात केलं असेल तर कसं सुकवता ते सांगा.

---

दिंडोरीवाला | ८ जून २०२५

आमच्याकडे आई मोड आलेली नागली पातळ कपड्यावर पसरून पंख्याखाली दोन दिवस ठेवते, मग लोखंडी कढईत अगदी मंद आचेवर कोरडी होईपर्यंत परतते. दाणा दाताखाली कुरकुरीत फुटला की दळायला देते. एक किलोवर करून बघा. आणि त्यातलं एक पाकीट माझ्यासाठी ठेवा, पैसे आधी पाठवतो.

---

गच्चीवरची | ९ जून २०२५

पंख्याखाली पसरली आहे. भाव अजून काढला नाही दादा, तास मोजून झाले की कळवते.